अ‍ॅप आता लोकांना देऊ, की अजून पक्कं करू?

सांजवारा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, ते शेवटी इथे लिहितेय.

औषधांच्या वेळा सांभाळणारं एक अ‍ॅप मी गेली अडीच वर्षं नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी लिहितेय. सुरुवात आईमुळे झाली. तिला दिवसाला सात गोळ्या, त्यातली एक दिवसाआड, एक आठवड्यातून एकदाच. तिच्या कागदावरची खाडाखोड बघून वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. चार महिन्यांत आई वापरायला लागली, मग मावशी. त्यानंतर मी ते नुसतं सुधारतेय. अक्षरं मोठी केली, रंग बदलले, महिन्याचा आलेख काढला, तो पुसून पुन्हा काढला. दर वेळी वाटतं, एवढं झालं की बाहेर काढू. आणि दर वेळी पुढचं काहीतरी खुपतं.

ऑफिसात नेमकं उलटं. दर दोन आठवड्यांनी रिलीज, आणि आदल्या रात्री अर्धवट कामावर पांघरूण घालायची धावपळ. ते मला कधीच पटलं नाही, म्हणून स्वतःचं काम तरी नीट करायचं ठरवलं होतं. आता कळेनासं झालंय की मी नीट करतेय की नुसतीच थांबलेय. तुम्ही काय केलंत, काय भोगलंत, ते सांगा.

कोरीपाटी:

आज रात्रीच टाक. खरंच सांगतो. अडीच वर्षांत जे कळलं नाही ते अडीच दिवसांत कळेल.

जुनाखांब:

कोरीपाटीला अनुमोदन. एक जुनी गोष्ट सांगतो.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम (तीच पुढे लिनक्स झाली) लिहितोय असं जाहीर केलं, तेव्हा हा फक्त छंद आहे, मोठं काही होणार नाही, असंच म्हटलं होतं. सप्टेंबरात ०.०१ ही पहिली आवृत्ती आली. जेमतेम दहा हजार ओळींची. ती कंपाइल करायलासुद्धा आधी मिनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम लागायची. १.० यायला १९९४ चा मार्च उजाडला. सांजवारा, मोजून बघा, तीही अडीचच वर्षं आहेत. फरक एवढाच की त्या अडीच वर्षांत अनोळखी माणसं त्याचे बग शोधत होती, ड्रायव्हर लिहून पाठवत होती.

त्याच्या आधी, १९९० मध्ये, ग्नू हर्ड या अशाच एका सिस्टीमचं काम सुरू झालं होतं. रचना म्हणाल तर हर्डची जास्त देखणी. त्याची १.० अजून आलेली नाही.

मधलीसुट्टी:

थांबा जरा. लिनक्सचा दाखला इथे लागू नाही. ०.०१ घेणारे सगळे स्वतः प्रोग्रॅमर होते, बिघडलं तर उघडून बघणारे. इथे सत्तरीतली बाई आहे. आठवण वाजली नाही तर ती असं नाही म्हणणार की अ‍ॅपमध्ये बग आहे. ती म्हणेल, आज गोळी नसेल.

मी बारा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. पूर्वी एका पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. गो-लाइव्हची तारीख वरून ठरून आलेली, मागे हटायचं नाही. पैशांच्या राउंडिंगचा एक बग मी नोंदवला होता. त्यावर शेरा आला, 'पुढच्या रिलीजमध्ये बघू'. पहिल्याच महिन्यात कित्येकांच्या पगारातून थोडी थोडी रक्कम गळली. आकडा किरकोळ होता. पण एका बाईंना मी पगारपत्रकावर पेन्सिलीने एकेक ओळ टिकमार्क करत बेरीज करताना पाहिलं, आणि हे बग दुरुस्त झाल्यानंतर आठ महिन्यांनी.

औषधाचा विषय निघाला की मला थेरॅक-२५ आठवतं. किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भयंकर जास्त किरणांचा मारा झाला, त्यातले काही दगावले. कारण सॉफ्टवेअर. तेव्हा 'आज रात्रीच टाक' हे इथे म्हणू नये.

कोरीपाटी:

मधलीसुट्टी, राउंडिंगच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. पण थेरॅक ही घाईची गोष्ट नाही, जवळजवळ उलटी आहे.

त्या यंत्रातला बराचसा कोड आधीच्या थेरॅक-६ आणि थेरॅक-२० वरून आलेला. थेरॅक-२० मध्येही तोच दोष होता, पण तिथे हार्डवेअरचा अटकाव होता, जुळणी चुकली की फ्यूज उडायचा आणि कोणाला काही व्हायचं नाही. इतकी वर्षं चाललंय म्हणजे कोड पक्का, असं धरून नव्या यंत्रातून तो अटकावच काढून टाकला. आणि दोष कधी दिसायचा? ऑपरेटरने चुकीचा पर्याय टाकून आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केला तर. सावकाश टाइप करणाऱ्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. रोज तेच काम करून हात बसलेल्या ऑपरेटरच्याच बोटांखाली तो आला.

एरियान-५ रॉकेटचंही तेच. ४ जून १९९६. एरियान-४ वर मुरलेला कोड जसाच्या तसा उचलला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, ६४ बिटांतला आकडा १६ बिटांत मावला नाही आणि ३७ सेकंदांत मार्गदर्शन यंत्रणा कोलमडली. जुना आणि तपासलेला, म्हणून तो कोड नव्या रॉकेटच्या आकड्यांवर कोणी चालवून पाहिला नव्हता.

मधलीसुट्टी:

थेरॅकबाबत मान्य, मी ते अर्धवट सांगितलं. पण मग यातून 'आज रात्री टाक' कसं निघतं? यातून निघतं ते हे, की टेस्टिंग खऱ्या हातांनी करा. सांजवाराच्या आईचे हात आणि मावशीचे हात, एवढेच झालेत आतापर्यंत.

अर्धविराम:

लवकर की उशिरा यावर तुम्ही भांडताय. माझ्या मते कुठली चूक नंतर मागे घेता येते आणि कुठली नाही, हे आधी पाहावं.

'मेक' हे कोडपासून प्रोग्रॅम तयार करायचं हत्यार. ते वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी डोकं आपटलेलं असतं, की त्यातली आज्ञेची ओळ कीबोर्डवरच्या टॅबनेच का सुरू व्हावी लागते, स्पेस का चालत नाहीत. स्टुअर्ट फेल्डमनने ते १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. टॅबची अडचण त्याच्या काही आठवड्यांतच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांच्या फायली मोडायला नकोत म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. डझनभर लोकांसाठी! आज जगभर तो टॅब तसाच आहे.

एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट ज्या नियमांनी बोलतात त्यात, 'रेफरर' (आधी कुठल्या पानावर होतात ते) या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'आर' गळलाय. लक्षात येईपर्यंत सगळीकडे पसरला होता. १९९६ च्या अधिकृत दस्तऐवजात तो तसाच छापला गेला आणि आजही प्रत्येक ब्राउझर तो चुकीचा शब्द इमानेइतबारे पाठवतो.

रंग, अक्षरं, आलेख हे उद्या बदलता येतं, कोणी तक्रारही करणार नाही. पण लोकांची माहिती ज्या साच्यात साठवलीस, तो साचा हजार फोनांवर पसरला की बदलणं जिवावर येतं. सांजवारा, तुझ्या अ‍ॅपमधला टॅब कुठला, तो आधी शोध.

पायरीपाशी:

रेफररमध्ये आर गळलाय?? पंधरा वर्षं वेबवर काम करतेय, मला वाटायचं माझंच स्पेलिंग कच्चं आहे. रोज तो शब्द लिहिताना अडखळते. आज जीव भांड्यात पडला.

गणितमास्तर:

थोडं अवांतर. पक्कं करण्याची पराकाष्ठा बघायची तर डोनाल्ड क्नुथचं टेक, हे पुस्तकांची पानं जुळवणारं सॉफ्टवेअर, बघावं. त्याच्या आवृत्त्यांचे आकडे गणितातल्या पायकडे (π) सरकतात. ३ नंतर ३.१, मग ३.१४. २०२१ पासून ३.१४१५९२६५३ चालू आहे. आपल्यानंतर आवृत्तीचा क्रमांक पाय करावा आणि उरलेले बग ही वैशिष्ट्यं मानावीत, असं त्यांनी सांगून ठेवलंय. आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला ते २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा चेक द्यायचे. २५६ सेंट, म्हणजे षोडशमान पद्धतीतला एक डॉलर. बरेच लोक तो वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत.

पण एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. १९७८ चं पहिलं टेक आधी वापरात आलं होतं. लोकांनी ते वापरलं, मागण्या केल्या, आणि मग क्नुथनी सगळं नव्याने लिहिलं. आज आपण वापरतो ते १९८२ चं. एवढ्या काटेकोर माणसानेही आधी वापरू दिलं, मग पक्कं केलं.

रानपाखरू:

मी दहा वर्षं अँड्रॉइडवर काम करतेय. सांजवारा, तुमच्या अ‍ॅपचा कणा म्हणजे वेळेवर वाजणं, आणि नेमकं तेच घरी बसून पक्कं होत नाही.

फोन बंद करून चालू केला की अँड्रॉइड सगळे अलार्म विसरतो. फोन उठल्याची सूचना पकडून तुम्हाला ते पुन्हा लावावे लागतात. अँड्रॉइड १२ पासून अचूक वेळेच्या अलार्मसाठी वेगळी परवानगी आली आणि १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना ती आपोआप मिळत नाही. त्यावर कंपन्यांचा आपापला बॅटरी वाचवण्याचा प्रकार, प्रत्येकीचा वेगळा. चार दिवस अ‍ॅप उघडलं नाही की काही फोन ते गुपचूप झोपवतात. मी स्वतः एका अ‍ॅपसाठी टेबलावर अकरा फोन मांडून रात्रभर बसले होते. सहाच्या ठोक्याला आठ फोन वाजले, दोन फोन सात मिनिटं उशिरा वाजले आणि एक वाजलाच नाही. तो का वाजला नाही हे शोधायला तीन आठवडे गेले.

घरात कितीही घासलंत तरी एवढे फोन तुम्हाला मिळणार नाहीत. पण सगळ्या जगाला द्यायचीही गरज नाही. प्ले स्टोअरवर अंतर्गत चाचणीसाठी शंभर जणांपर्यंत देता येतं. पुढे टक्क्याटक्क्याने वाढवता येतं, काही बिघडलं तर थांबवता येतं. फक्त ज्यांच्या फोनवर गेलं त्यांच्याकडून ते परत खेचता येत नाही, वरच्या क्रमांकाची नवी आवृत्तीच पाठवावी लागते. अर्धविराम म्हणतात ते इथेही लागू आहे.

मधलीसुट्टी:

टक्क्याटक्क्याने, हे मला पटलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक फाईल एकदम सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. कंपनीने सव्वा तासात ती मागे घेतली होती. पण अडकलेलं मशीन सुरूच होत नव्हतं, तर दुरुस्ती घेणार कुठून? माणसं पाठवून एकेक मशीन हाताने सोडवावं लागलं. ती फाईल आधी हजार मशीनवर गेली असती तर आज कोणाला तिची आठवणही नसती.

तळटीप:

मी प्रोग्रॅमर नाही. बाबांची औषधं मी सांभाळतो. कंपवात आहे, गोळीची वेळ अर्ध्या तासाने चुकली तरी दुपारभर हात थरथरतो. म्हणून हा धागा सुरुवातीपासून वाचला.

तुम्ही लोक बीटा, ०.९, अर्ली अ‍ॅक्सेस असं लिहिता. माझ्यासारख्याला त्यातलं काही कळत नाही. दुकानात दिसलं म्हणजे चालतं, असं आम्ही धरून चालतो. मागे एक अशाच प्रकारचं अ‍ॅप वापरत होतो. एका अपडेटनंतर सहा महिन्यांच्या नोंदी गेल्या. डॉक्टर विचारत होते की नवा डोस सुरू केल्यापासून दुपारी त्रास किती वाजता होतो, आणि माझ्याकडे कोरी पाटी. अ‍ॅपवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं की ती आवृत्ती प्रायोगिक होती.

सांजवाराताई, अपुरं असलं तरी मी वापरेन. पण पहिल्याच पानावर साध्या शब्दांत लिहा की काय नक्की चालतं आणि कशावर विसंबू नये. 'अजून काही दिवस कागदही ठेवा' एवढं जरी लिहिलंत तरी मी ठेवेन. आणि माझ्या नोंदी मला बाहेर काढून घेता आल्या पाहिजेत. त्या माझ्या बाबांच्या आहेत.

कोरीपाटी:

तळटीप, तुमच्या प्रतिसादानंतर माझं पहिलं वाक्य मागे घेतो. (आयडी माझा आहे, पण तुमची ती कोरी पाटी वाचून वाईट वाटलं.)

पायरीपाशी:

जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि त्यावरची बीटाची, म्हणजे अजून चाचणी चालू असल्याची, पाटी निघाली जुलै २००९ मध्ये. तोवर कोट्यवधी लोकांची रोजची पत्रं त्यात होती. आमच्यासारख्यांना बीटा म्हणजे लोगोचाच भाग वाटायचा. तळटीप म्हणतात तसं, त्या शब्दातला अर्थच निघून गेलाय.

जुनाखांब:

सांजवारा, तुमचा थांबण्याचा भाग राहून गेला, त्यावर लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी गोदामाच्या साठ्याचं एक सॉफ्टवेअर नव्याने लिहायला घेतलं. जुनं ओबडधोबड होतं, पण चालत होतं. आम्ही ठरवलं, नवं पूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं नाही. सहा महिन्यांचे अठरा महिने झाले. काम सुंदर झालं होतं, आजही मला त्यातली फंक्शन आठवतात. दाखवायला गेलो त्या दिवशी गोदामाचे प्रमुख शेवटपर्यंत शांत बसले आणि म्हणाले, 'आम्ही गेल्या वर्षापासून बारकोडवर आलोय. तुम्ही अजून हाताने टाकायचे आकडे मागताय.' अठरा महिन्यांत आमच्यापैकी एकही जण गोदामात गेला नव्हता.

नेटस्केप या ब्राउझरचंही असंच झालं. आवृत्ती ४ नंतर सगळं नव्याने लिहायला घेतलं, ५ आलीच नाही, ६ आली ती २००० च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात लोक इंटरनेट एक्स्प्लोररकडे निघून गेले.

तुम्ही आलेख दोनदा काढलात म्हणता. तो कोणी मागितला होता?

सांजवारा:

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. जुनाखांबकाका, आलेख कोणीच मागितला नव्हता. तो काढताना मला छान वाटायचं. अलार्मच्या भागाला हात लावायची मला भीती वाटते, म्हणून मी आलेखाकडे पळत होते. हे लिहिताना लक्षात आलं.

अर्धविराम, टॅब शोधतेय. रानपाखरू, फोन बंद-चालू करून पाहिला. आठवण वाजली नाही. आई कधी फोन बंदच करत नाही, त्यामुळे अडीच वर्षांत हे कळलंच नाही.

आलेख आता आहे तसा. अलार्म आणि नोंदी बाहेर काढायची सोय, एवढं करून मग थोड्या लोकांना देते.

रानपाखरू:

वाजला की नाही याची नोंद ठेवायला विसरू नका. ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वाजलेली वेळ, दोन्ही. नाहीतर 'काल वाजलं नाही बहुतेक' यावरून तुम्हाला काहीच शोधता येणार नाही.

सांजवारा:

पाच आठवड्यांनी परत येतेय. धागा वर आणल्याबद्दल माफ करा, पण तुम्हाला सांगायलाच हवं.

चौदा जणांना दिलं. बहुतेक नातेवाइकांच्या ओळखीतले, आणि तळटीप. पहिल्या पानावर लिहिलंय: 'आठवण वाजेल याची अजून खात्री नाही. महिनाभर कागदही ठेवा.' हे वाचून कोणी मागे फिरलं नाही. उलट तिघांनी कागदाचा फोटो पाठवला.

तिसऱ्याच दिवशी एका आजोबांच्या सकाळच्या आठवणी वाजेनात. नोंदीत दिसलं की पहाटेनंतर सगळं रिकामं. त्यांचा फोन दर रविवारी पहाटे ३ वाजता आपोआप रीस्टार्ट होतो, नातवाने तसं लावून दिलंय. बंद-चालूची दुरुस्ती मी केली होती, पण फोनला पासवर्ड असेल तर तो उघडेपर्यंत माझं अ‍ॅप जागंच होत नव्हतं. आजोबा फोन उघडायचे नऊला, गोळी सातची. आता कुलूप उघडायच्या आधीही वाजतं.

आणि अर्धविराम, टॅब सापडला. मला वाटत होतं तो तारखांमध्ये असेल. तो गोळ्यांच्या संख्येत होता. मी संख्या पूर्णांकात साठवली होती: एक, दोन, तीन. नवव्या दिवशी एका काकूंचा निरोप आला, 'मी अर्धी घेते, ते कुठे लिहू?' आईला अर्धी गोळी कधीच नव्हती. चौदा फोनांवरचा साचा एका रविवारी बसून बदलला, प्रत्येकाला फोन करून त्यांच्या नोंदी नीट आल्यात का ते विचारलं. चौदा हजार असते तर मला हे करताच आलं नसतं. कदाचित मीही फेल्डमनसारखं 'राहू दे तसंच' म्हटलं असतं आणि काकूंनी एक लिहून अर्धी घेतली असती.

आलेख आतापर्यंत दोघांनी उघडला. त्यातली एक मी.

तळटीप:

बाबांच्या पाच आठवड्यांच्या नोंदी काल डॉक्टरांना छापून दिल्या. त्यांनी दुपारची गोळी वीस मिनिटं अलीकडे घेतलीय. एकदाच आठवण चुकली, तेव्हा कागद होता.

मधलीसुट्टी:

ठरलेली आणि वाजलेली, दोन्ही वेळा नोंदताय ना? त्यांतलं अंतर पाच मिनिटांहून जास्त गेलं तर वापरणाऱ्याला लगेच दिसू दे, तुमच्यापुरतं ठेवू नका. आणि मला पंधरावी धरा. माझ्याकडे सहा वर्षं जुना फोन आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते. त्यावर वाजलं तर मी गप्प बसेन.

सांजवारा:

आज रात्री पाठवते. मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती तेवढी कळवा.